दहा ताऱ्यांचा आहेर

सोपानकाकांनी माईक हातात घेतला तेव्हा मंगलाष्टकं संपून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. लोकांच्या केसांत अक्षता तशाच होत्या, निम्मं वऱ्हाड जेवणाच्या दिशेनं सरकलेलं होतं, आणि काका म्हणाले, "पत्रिकेत आपण छापलं होतं, कृपया आहेर आणू नये. पण एक आहेर मी आज मागून घेणार आहे. आपल्या मंजूनं सिनेमा काढलाय. प्रत्येकानं त्याला दहा तारे द्यायचे, आणि मगच पानावर बसायचं."

टाळ्या पडल्या. मी लाजले असं सांगायला पाहिजे, पण लाजले नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. गेले आठ दिवस मी ज्या एका आकड्यासाठी तडफडत होते, तो आता या कार्यालयात बसल्या जागी मिळणार होता.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा एकतिसाची होते, पुण्यात राहायचे, आणि 'सव्वासातची गाडी' नावाचा माझा पहिलावहिला सिनेमा कसाबसा पूर्ण झाला होता. एसटीचा एक कंडक्टर, त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस, एवढीच गोष्ट. थिएटरात आठवडाभर टिकला. आमच्या बार्शीत तर तीनच दिवस लागला, तोही सोपानकाकांनी ओळख काढली म्हणून. आता एकच आशा उरली होती. मुंबईच्या एका कंपनीनं तो त्यांच्या ॲपवर घ्यायचा असं मनात आणलं होतं. तिथल्या कामत मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, की सोमवारी मीटिंग आहे, आमचे साहेब लोक प्रेक्षकांचे आकडे बघतात, सातच्या वर असेल तर मला बोलायला सोपं जाईल. नाही घेतला तर सिनेमा माझ्या हार्ड डिस्कवरच राहणार होता, कायमचा.

सातच्या वर. तेव्हापासून मला चैन म्हणून नव्हतं. सिनेमांना तारे देण्याची ती साईट मी दिवसातून शंभरदा उघडायचे. अंगठ्यानं पडदा खाली ओढायचा, गोल फिरतं ते बघायचं, आकडा तोच. परत ओढायचा. चुलतभावाच्या लग्नासाठी बार्शीला आले होते; आई म्हणायची, अगं त्या फोनचं कातडं निघेल. एकोणतीस मतं होती आणि सरासरी बरोब्बर सात. मग बुधवारी, काकांच्या रेवणच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तिसावं मत आलं आणि सातचं सहा पूर्णांक नऊ झालं; साईट दशांशाचा एकच अंक दाखवते, पुढचे सोडून देते.

त्या मतासोबत अभिप्रायही होता. देणाऱ्याच्या नावाच्या जागी साईटनं आपोआप घातलेले नुसते आकडे. तो अभिप्राय मला आजही तोंडपाठ आहे: "कंडक्टरचं काम करणारा माणूस तिकीट फाडताना खोटा वाटत नाही. शेवट बरोबर आहे. पण एकावन्नाव्या मिनिटाला गाडी फाट्यावर थांबते ती बासष्टाव्या मिनिटापर्यंत थांबतेच. तिथं माणसं उठतात. सहा."

माझं डोकंच फिरलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मी त्या माणसाचा उद्धार केला. म्हटलं, घड्याळ लावून सिनेमा बघणारा हा कोण टिकोजीराव लागून गेलाय, घरी कुणी विचारत नसेल म्हणून इथं येऊन अक्कल पाजळतोय. आई हसली. आण्णा, म्हणजे माझे वडील, भाकरी कुस्करत होते, ते काही बोलले नाहीत. आण्णा तसेही कमीच बोलत. एकतीस वर्षं गावातल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. प्रेक्षकांच्या मागं, त्यांच्या डोक्यावरच्या त्या कोंदट खोलीत दोन मशिनींच्या घरघरीत बसून बसून त्यांना बोलायची सवयच राहिली नव्हती.

तर असा तो आहेर. सोपानकाकांचं मोबाइलचं दुकान होतं, त्यामुळे तयारीला खोट नव्हती. एरवी जिथं आहेर लिहून घेणारा बसतो तिथं टेबल टाकून त्यांनी दुकानातल्या दोन पोरी बसवल्या. लोकांनी रांगेत यायचं, फोन द्यायचा. पोरी कार्यालयाचं वायफाय जोडून देत, साईटवर खातं उघडत, 'सव्वासातची गाडी' शोधत आणि दहाव्या ताऱ्यावर बोट ठेवत. शेजारी वहीत नोंद. रावसाहेब काळे, दहा. सौ. विमल पाटोळे, दहा. एका म्हातारबाबांनी विचारलं, की अकरा चालतील का, शुभ असतं. सगळं कार्यालय हसलं.

आण्णा रांगेत नव्हते. टेबलाजवळून जाताना एका पोरीनं त्यांचा फोन मागितला, तर म्हणाले, "माझं झालंय." मला कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, या वयात कुणी न सांगता जाऊन दहा देऊन आले.

संध्याकाळपर्यंत वहीत एकशे त्रेचाळीस नोंदी. साईटवर आकडा जवळजवळ साडेनऊ. मी त्याचा फोटो काढून कामत मॅडमना पाठवणार होते, पण म्हटलं सोमवारी त्यांनाच दिसू दे, आपण कशाला दाखवायचा. पुरणपोळीवर तूप घेतलं तेसुद्धा दोनदा.

शुक्रवारी सकाळी चहा घेत पडदा खाली ओढला. गोल फिरलं. पाच पूर्णांक तीन.

मला वाटलं दुसराच सिनेमा उघडला. परत ओढला. पाच पूर्णांक तीन. खाली मतांची संख्या मात्र एकशे चौऱ्याऐंशी. चहा तसाच ठेवून मी त्या साईटची मदतीची पानं वाचायला घेतली. आधी कधी वाचली नव्हती, गरजच काय होती. तिथं सरळ लिहिलेलं होतं, की दिसणारा आकडा म्हणजे सगळ्या मतांची साधी सरासरी नव्हे. एकाच जागेवरून, एकाच वेळी, नव्याकोऱ्या खात्यांवरून मतांचा लोंढा आला तर ती मतं मोजणीत दिसतात, पण सरासरीत धरत नाहीत. कशी ओळखतो ते आम्ही सांगणार नाही.

म्हणजे सगळा आहेर गेला पाण्यात. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काल तो साडेनऊ बघून कुणा कुणाला संशय आला होता. अकरा जणांनी येऊन एकेक तारा टेकवला होता. एकानं लिहिलं होतं, "दिग्दर्शिकेचं अख्खं खानदान मत देऊन गेलेलं दिसतंय." तो तरी काय चुकीचं बोलत होता. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. जुनी तीस आणि हे अकरा, एकेचाळीस मतांत भागलं, तर नेमके पाच पूर्णांक तीन.

आणि या सगळ्या नासाडीच्या वर, पहिल्या नंबरला, तो सहावाला. तेवीस जणांनी त्याच्या अभिप्रायाला 'उपयोगी' म्हटलं होतं, म्हणून साईटनं तो उचलून सगळ्यांत वर ठेवलेला. कामत मॅडम पान उघडणार आणि पहिलं वाक्य वाचणार काय, तर तिथं माणसं उठतात.

आकडा माझ्या हातात नव्हता. पण हा अभिप्राय निदान खाली ढकलता येईल असं मला वाटलं. त्याच्याखाली तक्रार करायचं बटण होतं. पुरेशा तक्रारी गेल्या तर साईट अभिप्राय लपवते, असंही त्या मदतीच्या पानावरच लिहिलेलं. मी माझ्या फोनवरून तक्रार टाकली. आईच्या फोनवरून टाकली. सोपानकाकांना सांगितलं दुकानातून पाच-सहा टाका, पण वायफाय बंद करून. मग आण्णांचा फोन राहिला. तो खिडकीत चार्जिंगला होता. मी उघडला, साईट काढली, तो अभिप्राय शोधला, आणि तक्रारीचं बटण काही सापडेना.

तिथं दुसरीच दोन बटणं होती. एक 'बदला' आणि एक 'काढून टाका'.

मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. आधी राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग, आणि रागच वर राहिला.

आण्णा मागच्या दारी सुपात शेंगा फोडत बसले होते. मी त्यांच्यापुढं फोन धरला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"व्हय."

"सहा?"

"सहा."

"अख्ख्या गावानं दहा दिले, आण्णा. ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांनीसुद्धा दिले."

"म्हणूनच दिले असतील," आण्णा म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

मी बरंच काही बोलले. चार वर्षं घातली यात, म्हटलं. सोमवारी माझा निकाल आहे आणि घरच्या माणसानंच पाय ओढावा. त्या दिवशी जेवताना मी एवढं बोलत होते तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आवाज चढवलेला कधी आवडला नाही, पण ते रागावलेही नाहीत.

"काढा ते," मी म्हटलं.

"फोन तुझ्या हातात हाय. तूच काढ." मग म्हणाले, "पण मंजू, एकदा काढलंस तर मी परत लिहिणार नाही. मला दोन दिवस लागले."

साईटनं विचारलं, अभिप्राय आणि मत दोन्ही काढून टाकायचे का. मी अंगठा टेकवला.

काढल्यावर आकडा बघितला. पाच पूर्णांक तीन होता, पाच पूर्णांक तीनच राहिला.

शनिवार-रविवार कसे गेले ते मला विचारू नका. घरात जेवणं झाली, पाहुणे निघून गेले, नवी नवरी सगळ्यांच्या पाया पडून गेली. मी फोन उपडा ठेवायचे आणि दोन मिनिटांनी सुलटा करायचे. आण्णा माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, चहा झाला का, पुण्याला कधी निघणार. तेच मला जास्त टोचत होतं. आईनं फक्त एकदा विषय काढला. म्हणाली, "त्यांनी तीन दिवसांतले सगळे खेळ बघितले तुझ्या सिनेमाचे. मला म्हणाले दळण आणायला जातो. आणि मग ते लिहायला दोन दिवस एका बोटानं टिचटिच करत बसले होते."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी अकराला कामत मॅडमचा फोन आला. मी मागच्या दारी गेले. सरळ म्हटलं, मॅडम, तो आकडा काय झालाय ते मला माहीत आहे, चूक आमचीच आहे. आणि लग्नातला सगळा आहेर त्यांना सांगून टाकला, अकरा ताऱ्यांच्या म्हातारबाबांसकट. त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, साहेब लोक आकडा बघतात, मी आकड्याखालच्या पट्ट्या बघते. कुणी किती तारे दिले त्याच्या पट्ट्या असतात ना, त्या. दहाची पट्टी नातेवाइकांची, एकची पट्टी चिडलेल्यांची. मी मधल्या पट्ट्यांतली माणसं शोधते, कारण सहा नाहीतर सात द्यायचे तर सिनेमा बघावाच लागतो.

"आणि तुमच्याकडे एक होता," त्या म्हणाल्या. "एकावन्न ते बासष्ट मिनिटंवाला. तो आता दिसत नाही. कुठे गेला?"

मी पायरीवर बसले.

"बुधवारीच वाचला होता मी. मग तुमचा सिनेमा परत लावला. खरं सांगू? पहिल्यांदा बघताना बरोबर तिथंच मी फोन हातात घेतला होता. मलाच कळलं नव्हतं का ते. मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं, की ती अकरा मिनिटं काढली तर हा सिनेमा आपण घ्यावा, आणि साहेब लोकांनाही ते पटलं. पंधरा दिवसांत नवीन कट देऊ शकाल का? आणि त्या माणसाला तुम्ही ओळखता का? असा माणूस सोडू नका."

"वडील आहेत माझे," मी म्हटलं. "मी काढायला लावलं त्यांना ते." आणि लगेच सुधारलं, "मीच काढलं."

मग त्या म्हणाल्या, "वडिलांनी सहा दिले?" आणि पत्ता, तारखा सांगून फोन ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण पाय घरात जायला तयार नव्हते. ती अकरा मिनिटं. गाडी फाट्यावर बंद पडते आणि कंडक्टर मागच्या सीटवर एकटा बसून डबा खातो. फडक्यातली भाकरी सोडतो, पहिला तुकडा मोडून खिडकीबाहेर ठेवतो, मग सावकाश जेवतो. मी एकही चित्र कापलं नव्हतं. कारण लहानपणी मी टॉकीजमध्ये आण्णांचा डबा घेऊन जायचे, आणि ते दोन रिळांच्या मधे तसेच जेवायचे. पहिला तुकडा खिडकीबाहेर.

मी आत गेले. आण्णा पेपर वाचत होते. त्यांना सगळं सांगितलं, कामत मॅडम काय म्हणाल्या तेही.

"ते माझ्यासाठी घातलंस, कळलं होतं मला पहिल्याच खेळाला," आण्णा म्हणाले. "बरं वाटलं. पण लोकांना त्याचं काय? मी जेवायला अकरा मिनिटं घेतली असती, तर तेवढ्यात रीळ संपलं असतं."

मी म्हटलं, आण्णा, चुकलं माझं, तुम्ही ते परत लिहा. त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. सांगितलं होतं तुला, एवढंच.

मग आईनं उठून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि त्यातून एक लांबट वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. ही वही मी लहानपणी ऑपरेटरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली पाहिली होती, कधी उघडली नव्हती. आण्णा सिनेमा चालू असताना पडद्याकडं बघतच नसत. भिंतीतल्या चौकोनी भोकातून खाली माणसांकडं बघत. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला कितव्या रिळाला किती माणसं उठली, कुठं खोकणं सुरू झालं, कुठं पोरंसुद्धा गप्प झाली, सगळं लिहीत. ते वाचून मालक ठरवायचे सिनेमा एक आठवडा ठेवायचा की तीन. आणि प्रत्येक सिनेमाच्या शेवटी आण्णांचे स्वतःचे मार्क, दहापैकी.

मी पानं उलटत गेले. तीन. दोन. चार. तीन. दोन. सहा-सहा महिने चाललेले, गावानं डोक्यावर घेतलेले सिनेमे, त्यांना चार. कुठंतरी एखादा पाच. एकतीस वर्षांची वही, आणि मला सापडले ते सहा मार्कांचे सिनेमे तीनच, आणि सातचा फक्त एक. आठ कुणालाच नाही. शेवटच्या नोंदीनंतर टॉकीज बंद पडलं त्या वर्षाची तारीख होती. त्याखाली बरीच जागा कोरी, आणि मग नव्या पेनानं, थरथरत्या अक्षरात: सव्वासातची गाडी. सहा.

मी वहीवर डोकं ठेवून रडले. आण्णा म्हणाले, वही भिजवू नकोस.

बाराव्या दिवशी मी नवीन कट घेऊन परत बार्शीला आले. बैठकीत टेबलावर लॅपटॉप ठेवला. आई, सोपानकाका, काकू आणि नवी सून असे चौघं सतरंजीवर बसले. मी आण्णांसाठी मधे जागा ठेवली होती, पण त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि लॅपटॉपच्या शेजारी, पडद्याकडं पाठ करून ठेवली. मांडीवर वही. सिनेमाभर ते या चौघांची तोंडं बघत होते. एकावन्नावं मिनिट आलं, गाडी फाट्यावर थांबली, कंडक्टरनं फडकं सोडलं, तुकडा खिडकीबाहेर ठेवला आणि गाडी सुरू झाली. तेवढंच ठेवलं होतं मी, चाळीस सेकंद. कुणी हललं नाही. काकूंनी पदर डोळ्याला लावला तेव्हा आण्णांनी घड्याळात बघून काहीतरी लिहिलं.

सिनेमा संपल्यावर मी विचारलं, किती.

"आता साडेसहा."

"मग साईटवर घाला की."

"तिथं अर्धा देता येत नाही. बघितलंय मी."

"सात घाला मग. पुढचाच तर आकडा."

"सात नाहीत ते," आण्णा म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

आण्णा जाऊन तीन वर्षं झाली. वही माझ्याकडं पुण्याला आहे. सहाच्या पुढं त्यांनी नंतर काढलेली अर्ध्याची खूण जरा वाकडी आहे. सिनेमा अजून त्या ॲपवर चालतो. साईटवर आज त्याला अकरा हजारांवर मतं आहेत आणि आकडा सात पूर्णांक तीन. अजूनही मी कधी कधी पडदा खाली ओढते, गोल फिरतं, आणि मी आकडा सोडून पट्ट्यांकडं बघते. सहाची पट्टी बरीच लांब झालीये. तिच्यात आण्णा नाहीत. त्यांना मीच काढलं, एका अंगठ्यानं, शेंगा फोडत ते समोर बसलेले असताना.